तीस आवृत्त्या

शेणॉयने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ‘तोरगल सिस्टिम्स’च्या ग्राहकांची अख्खी यादी पुसून टाकली आणि हात झटकून खुर्चीत मागे टेकला.

“गेली,” तो म्हणाला. “आता बोला अक्का. कधीची परत पाहिजे? आजची, कालची, का मागच्या सोमवारची?”

“आधी परत आण रे बाबा,” सुमंगला तोरगल म्हणाल्या. “दिवस मग विचार. छातीत धस्स झालं की माझ्या.”

शेणॉय बेंगळुरूच्या कंपनीचा विक्रेता. गावोगाव जायचं, लोकांची फाइल त्यांच्यासमोर पुसायची आणि त्यांचे उतरलेले चेहरे बघत ती परत आणून दाखवायची, हाच त्याचा धंदा. त्याने दोन-तीन ठिकाणी टिचकी मारली आणि यादी जिथल्या तिथे येऊन बसली. अक्कांनी श्वास सोडला आणि समोरची चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची बशी जवळ ओढली. त्यांच्या शेजारी बसलेला ईरण्णा मुळगुंद मात्र पडद्याकडे बघतच राहिला. हुबळी-धारवाडातले दवाखाने, शिकवण्या, वकिलांची ऑफिसं यांचे कॉम्प्युटर सांभाळायची ही कंपनी अक्कांनी काढली, तेव्हापासून तो त्यांच्यासोबत होता. इतक्या वर्षांत पुसलेलं काहीही इतक्या सहज परत आलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

“दोन प्रकार आहेत,” शेणॉय सांगू लागला. “रोज रात्री ग्राहकाची प्रत आमच्याकडे येते. फाइल बदलली की नवी आवृत्ती ठेवायची, जुनीही ठेवायची. पहिल्या प्रकारात शेवटच्या तीस आवृत्त्या राहतात. एकतिसावी आली की सर्वांत जुनी आपोआप जाते. दुसऱ्यात काहीच जात नाही. जन्मभर राहतं. ते महाग.”

“ईरण्णा, तू सांग. तुला जायचंय ग्राहकांच्या दारात.”

“प्रत कुठे राहते?” ईरण्णाने विचारलं.

“मुंबईत एक, हैदराबादला एक.”

“तिथून उचलून कुणी इथे आणू शकतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे पूजेला वगैरे.”

शेणॉय खो खो हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

“नाही आणू शकत,” तो म्हणाला.

“मग तीस पुरेत,” ईरण्णा म्हणाला. “तीस आवृत्त्यांमागचं कुणाला लागतंय?”

अक्कांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तीसवर खूण केली. स्वतःचा एक नियम मात्र त्यांनी त्यात घातला. दर महिन्याला प्रत्येक ग्राहकाची निदान एक फाइल परत मागवायची, उघडायची, डोळ्यांनी वाचायची.

“घेतलेला बॅकअप मोजायचा नाही,” त्या म्हणाल्या. “परत आलेला मोजायचा. पुन्हा कट्टी डॉक्टरांसारखं नको रे देवा.”

कट्टी डॉक्टरांचं नाव निघालं की ईरण्णाच्या तोंडचा घास फिरायचा. आताही त्याने बशी सरकवली.

डॉक्टर गुंडूराव कट्टी धारवाडचे, मालमड्डीतले जुने होमिओपॅथ. त्यांच्या शास्त्रात रोग्याला सगळंच विचारायचं असतं. भीती कशाची वाटते, स्वप्नं कसली पडतात, थंडी बाधते की वारं बाधतं, रागावल्यावर काय करता. हे सगळं डॉक्टर स्वतः कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवत. त्यांच्या फायलींच्या दोन प्रती दोन डिस्कवर असायच्या. एक दवाखान्यात, दुसरी हुबळीला, अक्कांच्या पोलादी कपाटात. दर शनिवारी ईरण्णा जाऊन त्यांची अदलाबदल करी. दोन्ही प्रती एका छपराखाली कधी ठेवायच्या नाहीत, हा या धंद्यातला पहिला नियम, आणि तो ईरण्णानेच डॉक्टरांना शिकवला होता.

पण खंडेनवमीला डॉक्टर ऐकत नसत. “आयुधं ताटातूट करून पुजत नाहीत,” म्हणत. मग ईरण्णा दरवर्षी हुबळीची डिस्क घेऊन जायचा आणि कॉम्प्युटर, स्टेथोस्कोप, औषधांची पेटी यांच्या शेजारी दोन्ही डिस्क हळदकुंकू लावून झेंडूच्या माळेत बसायच्या. गेल्या खंडेनवमीलाही बसल्या. पूजेत मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही, अशी त्या घरची रीत. संध्याकाळी निघताना ईरण्णाचा हात डिस्ककडे गेला होता.

“राहू दे रे,” डॉक्टर म्हणाले होते. “एक दिवस तीही विसावा घेईल.”

आणि ईरण्णाने ती राहू दिली. रात्री दिवा कलंडला. उंदराने वात ओढली की वाऱ्याने पडदा दिव्यावर आला, ते कळलं नाही. माणसं मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. कॉम्प्युटर आणि दोन्ही डिस्क मात्र झेंडूच्या राखेत एकमेकींना चिकटून वितळल्या. ईरण्णाने तो गोळा बेंगळुरूच्या नावाजलेल्या माणसांकडे नेला. त्यांनी महिनाभर ठेवून घेतला आणि काहीच निघत नाही म्हणून परत पाठवला.

हे डॉक्टरांना सांगायचं होतं. शेणॉयची नवी सोय बसवायच्या निमित्ताने ईरण्णा धारवाडला निघाला तो हेच मनाशी घोकत. पाय धरावेत, शिव्या खाव्यात, एकदाचं मोकळं व्हावं, असं त्याला वाटत होतं.

डॉक्टरांच्या पत्नी, इंदिराकाकू, फाटकातच उभ्या होत्या. जणू त्याचीच वाट बघत होत्या.

“निघालं का काही?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

ईरण्णाने नकारार्थी मान हलवली. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मग आत जाऊन बोलू नकोस. सगळं जळालं म्हणून मी चारदा सांगितलंय त्यांना. चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, माझे कागद कधी येणार? आता मी नाही सांगणार. तूही नको.”

“विसरतात?”

“आजचं नाही हे. दोन वर्षं झाली, ईरण्णा. तुला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही. पेशंट आत यायच्या आधी त्याची फाइल वाचायचे आणि मग हाक मारायचे. काय यल्लव्वा, सुनेशी भांडण मिटलं का? ती बिचारी चाट पडायची, की डॉक्टरांना सगळं आठवतं. ते सगळं त्या कॉम्प्युटरात होतं रे. डोक्यात काही नव्हतं.”

ईरण्णा फाटकाचा गज धरून उभा राहिला. आपण काय जाळलं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

“परवा यल्लव्वा आली होती,” काकू म्हणाल्या. “पंचवीस वर्षांपासूनची पेशंट. यांनी तिला विचारलं, नाव काय तुमचं? ती गेली ती गेलीच. आता कुणी येत नाही.”

आत डॉक्टर मजेत होते. दवाखान्याला नवा रंग दिला होता, टेबलावर नवा कॉम्प्युटर होता.

“ये ये, हुबळीचे सरदार!” ते म्हणाले. “शनिवार आज?”

“नाही डॉक्टर. बुधवार.”

“मग चुकलास वाट. बैस. इंदू, याला पोह्यांची अवलक्की दे, तिखट कर जरा, हुबळीच्या माणसाला गोड बोललेलं समजत नाही.” मग ते पुढे वाकले. “काय रे, माझे जुने कागद कधी येतात?”

काकू दारात थांबल्या. बशी तशीच हातात धरून त्या ईरण्णाकडे बघू लागल्या.

“येतील डॉक्टर,” ईरण्णा म्हणाला. “बेंगळुरूला काम चालू आहे.”

“घाई नको म्हणावं. नीट करा म्हणावं.”

ईरण्णाने शेणॉयची सोय बसवली. दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून ‘रुग्ण’ नावाचा एक रिकामा कप्पा केला आणि रोज रात्री त्याची प्रत जाईल असं केलं. डॉक्टर खांद्यावरून बघत होते.

“एक लक्षात ठेव,” ते म्हणाले. “फाइल गेली का, आली का, एवढं बघायचं. आत डोकावायचं नाही. माणूस माझ्यासमोर उघडा होऊन बोलतो. ते माझ्या आणि त्याच्यात.”

“कधीच नाही डोकावलो डॉक्टर.”

“माहीत आहे रे. म्हणून तर तुझ्याकडे देतो.”

परतताना नवलूरच्या चढावर ईरण्णाने गाडी बाजूला घेतली आणि हँडलवर कपाळ टेकून बराच वेळ बसला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोज सकाळी ऑफिसात सगळ्या ग्राहकांचा अहवाल येऊ लागला. नाव, फायलींचा आकडा आणि पुढे हिरवी खूण. वकील देसाई, हिरवी. गणिताची शिकवणी, हिरवी. कट्टी दवाखाना, फायली शून्य, काम यशस्वी, हिरवी. काहीही नसलेलं मुंबई आणि हैदराबादला रोज सुखरूप पोहोचत होतं.

“हे काढून टाक रे,” अक्का एकदा म्हणाल्या. “रिकाम्या कप्प्याला कुलूप कशाला?”

“राहू द्या अक्का.”

अक्कांनी पुन्हा विषय काढला नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी कट्टी दवाखान्यापुढे शून्याच्या जागी एक दिसला. ईरण्णा उठून उभाच राहिला. एक फाइल! म्हणजे कुणीतरी आलं, डॉक्टरांनी विचारलं, टाइप केलं. त्या दिवशी त्याने ऑफिसात सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली, कारण मात्र सांगितलं नाही. पुढे रोज एकच फाइल राहिली, पण रोज ती बदललेली असायची. डॉक्टर एकाच रोग्यावर मेहनत घेत होते तर. घेऊ देत. एक का होईना, पेशंट टिकला.

दर महिन्याच्या तपासणीत कट्टी दवाखान्याची पाळी तो टाळत आला होता. कधी फाइल नाही म्हणून, कधी आत डोकावायचं नाही म्हणून. उगादीच्या आदल्या आठवड्यात अक्कांनी यादीवर बोट ठेवलं.

“हे का राहिलंय?”

“डॉक्टरांना चालत नाही, अक्का. पेशंटचं खासगी असतं.”

“दोन ओळी बघ आणि मिट. अक्षरं नीट आली का एवढंच बघ. मागच्या वेळी आपण रीत पाळली, नियम नाही पाळला. आता नियम पाळायचा.”

त्याने फाइल मागवली आणि उघडली.

‘वयस्क बाई. नाव विचारायचं राहिलं. झोप नाही. बोलता बोलता डोळ्यांत पाणी येतं. जवळचं कुणी गेलं असावं.’

बस्स, एवढंच. फाइल अर्धवट आली, असं ईरण्णाला वाटलं. पुन्हा तेच, पुन्हा हरवलं. त्याने आदल्या दिवसाची आवृत्ती मागवली. तीही तेवढीच. त्याच्या आधीची मागवली. मग तो एकेक करत मागे जात राहिला.

‘इंदिराबाई. वय सांगत नाहीत. उजवा गुडघा दुखतो. घरात बहुधा कुणी फार दिवसांचं आजारी आहे.’

ईरण्णाचा हात थांबला. नाव पुन्हा वाचलं. मग त्याने आणखी मागची मागवली.

‘इंदिरा कट्टी. आडनाव आपलंच. नात्यातल्या आहेत का, विचारणे.’

बाहेर अक्का फोनवर कुणाला तरी झापत होत्या. ईरण्णाला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. बंद करावं, हे त्याला समजत होतं. डॉक्टरांना शब्द दिला होता. तरी तो मागे जात राहिला, आणि जसजसा मागे गेला तसतशी फाइल लांब होत गेली. गुडघ्याला कारण सापडलं, नावाला माहेर सापडलं. यादीतली शेवटची, सर्वांत जुनी आवृत्ती पानभर होती.

‘इंदू. माहेर गदग. विचारलं तर तक्रार काही नाही म्हणते. पण न्हाणीघरात नळ सोडून रडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पाणी बाधत नाही, वारं बाधतं. पावटे खाल्ले की पित्त. रागावली की घासलेलीच भांडी पुन्हा घासते. धाकटी बहीण विहिरीत गेली तेव्हापासून एकटं राहायची धास्ती. दिवा मालवला की माझा हात शोधते. हे कुणाला सांगत नाही, मलाही नाही. लग्नाच्या वेळी हिरवं लुगडं होतं, तिला आवडलं नव्हतं. औषध अजून ठरत नाही. उद्या पुन्हा समोर बसवून सगळं विचारणे.’

म्हणून रोज. रोज उद्या यायचा, रोज डॉक्टर बायकोला समोर बसवून सगळं विचारायचे आणि रोज थोडं कमी उरायचं.

त्याच्या आधीही आवृत्त्या असणार. संक्रांतीपासून ते लिहीत होते. पानभराच्या आधी दोन पानं असतील, चार असतील. ईरण्णाने शेणॉयला फोन लावला.

“तीसच्या मागचं काढता येतं का हो?”

“कुणाचं?”

“एका ग्राहकाचं. एकच फाइल आहे.”

“गेलं ते गेलं, सर. रोज एक नवी येते, रोज एक जुनी पडते. तुम्हीच तीस म्हणाला होता की. तीसमागचं कुणाला लागतंय म्हणून.”

“हो,” ईरण्णा म्हणाला. “मीच म्हणालो होतो.”

“आता बदलून घेऊ का? उद्यापासून सगळं राहील.”

उद्यापासूनचं राहील. वयस्क बाई राहतील, नाव विचारायचं राहिलेल्या. ईरण्णाला हसू आलं की रडू, त्याचं त्याला कळलं नाही. बदला म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने कपाटातून एक नवी डिस्क काढली, पानभराची ती आवृत्ती तिच्यावर उतरवली आणि उतरली की नाही हे दोनदा तपासलं. डिस्कवर चिठ्ठी चिकटवत असतानाच फोन वाजला. काकूंचा होता.

“ईरण्णा, कामात आहेस का रे?”

“नाही काकू, बोला.”

“काही नाही. सहज.” मागे कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. “तो तुमचा बॅकअप चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“डॉक्टर रोज सकाळी मला समोर बसवतात. खूप विचारतात. मी सगळं सांगते. मग ते टाइप करतात. मला बघू देत नाहीत, म्हणतात पेशंटने बघायचं नसतं. आज मला म्हणाले, बाई, तुम्ही कुठून आलात? दमलेल्या दिसता.”

ईरण्णाने चिठ्ठीचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

“तू बघत नाहीस ते मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “पण तुमच्याकडे कळत असेल ना वरच्या वर? माझं नाव असतं ना रे त्यात?”

समोरच्या पडद्यावर सर्वांत नवी आणि सर्वांत जुनी अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. त्याने एक मिटली.

“असतं काकू,” तो म्हणाला. “पहिल्याच शब्दाला असतं. इंदू म्हणून.”

पलीकडे नळ बंद झाला.

“बघ,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. “मला वाटतच होतं. बोलताना चुकतात रे, लिहिताना नाही चुकत.”